रविवार नेमका कुठे निसटतो? (अनुभव धागा)

रविवार_सकाळ
नाताळला मांडव घालावा लागतो आणि फेब्रुवारीत मागचे बाक रिकामे, हे वसईपासून नगरपर्यंत सगळीकडे सारखंच. चर्चला का जावं यावर प्रवचनं भरपूर होतात. इथे हवंय ते वेगळं. जे वर्षानुवर्षं चर्चचं काही ना काही काम सांभाळतात त्यांनी सांगावं, की नेम कुठे मोडतो, मोडल्यावर काय हुकतं आणि तो टिकवायला काय करावं लागतं. आत्मकथन नको, त्याला प्रार्थनासभा आहेत. कॅथलिक, प्रोटेस्टंट दोघांनीही लिहा.

धर्मशिक्षण_वर्ग
कॅथलिकांची रविवारची वाचनं 3 वर्षांच्या चक्रात चालतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण चालू वर्ष कुठलं ते सांगता येत नाही. सोपी युक्ती: सालाला 3 ने भागा. बाकी 1 उरली तर अ वर्ष (मत्तयाचं शुभवर्तमान), 2 उरली तर ब (मार्क), काहीच उरलं नाही तर क (लूक). म्हणजे 2026 हे अ वर्ष. मात्र उपासनेचं वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं, तेव्हा नोव्हेंबरअखेरीपासून पुढच्या सालाचा हिशोब धरायचा.

हे सांगण्याचं कारण असं, की वाचनं सुटीसुटी नसतात. पहिलं वाचन बहुतेक रविवारी शुभवर्तमानाशी जुळवलेलं असतं, पण दुसरं वाचन स्वतःच्या चालीने पुढे सरकत राहतं. अ वर्षात रोमकरांस पत्र सामान्य काळाच्या (मोठे सणकाळ सोडून उरलेल्या वर्षाच्या) 9व्या रविवारापासून 24व्यापर्यंत वाचतात. महिन्यातून एकदा येणाऱ्याला त्यातले चार तुकडे मिळतात, मग "पौल काय म्हणतो ते कळत नाही" ही तक्रार येते. कळणार कसं? ब वर्षात तर जुलै-ऑगस्टमध्ये योहानाचा 6वा अध्याय सलग 5 रविवार चालतो. 5 भाकरी आणि 2 मासे इथून सुरुवात होते आणि "हे वचन कठीण आहे" म्हणून शिष्य सोडून जातात तिथपर्यंत गाडी येते. नेमका पावसाचा जोर, मधले दोन रविवार बुडतात, आणि शिष्य कशाला चिडले हेच समजत नाही.

रविवार बुडालाच तर त्या दिवसाची तिन्ही वाचनं आणि स्तोत्र बुधवारच्या आत घरी मोठ्याने वाचून काढा. फार तर दहा मिनिटं लागतात. मिस्सेची (कॅथलिक उपासनाविधीची) भरपाई त्याने होत नाही, धागा मात्र हातात राहतो.

घंटेचा_दोर
साक्रिस्तीत (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत) सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न एकदाच लिहून टाकतो.

शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते का? चालते. चर्चच्या कायद्याच्या 1248व्या कलमात आहे, की त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कुठल्याही कॅथलिक विधीच्या मिस्सेत भाग घेतला की रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या लग्नाच्या मिस्सेला बसलात तरी चालतं. संध्याकाळ म्हणजे सर्वसाधारणपणे दुपारी 4 नंतर. सकाळी 11 च्या लग्नाने भागत नाही.

उपवास किती? ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली भाकर आणि द्राक्षारस) घेण्याआधी 1 तास. मिस्सा सुरू होण्याआधी नव्हे. पाणी आणि औषध चालतं. वयस्कर, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना ही अट नाही. मधुमेहाच्या गोळीबरोबर बिस्किट लागतं म्हणून मिस्साच टाळणारे आजी-आजोबा पाहिलेत. कृपा करून त्यांना हे सांगा.

गव्हाची ॲलर्जी? पूर्ण ग्लुटेनमुक्त भाकर कॅथलिक विधीत ग्राह्य नाही, अत्यल्प ग्लुटेनची चालते. तीही सोसत नसेल तर फक्त द्राक्षारस घेता येतो. पण रांगेत उभं राहून सांगू नका, आदल्या आठवड्यात फादरना सांगा. ती भाकर वेगळ्या ताटलीत ठेवावी लागते, नाहीतर बाकीच्या भाकरींचे कण लागतात.

आणि उशीर. पार्किंग शोधण्यात पहिलं वाचन जातं. रिक्षाने या.

शिफ्ट_बी
नर्सिंग, हॉटेल, रेल्वेवाल्यांसाठी. महिन्याचा ड्युटी चार्ट हातात आला की त्याच दिवशी आसपासच्या 3-4 चर्चच्या मिस्सांच्या वेळा त्यावर लिहून टाका. मुंबईत पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कुठे ना कुठे मिस्सा मिळते. भाषा बदलेल, विधी तोच. नाइट सुटल्यावर "घरी जाऊन तासभर पडतो, मग जातो" असं ठरवलं की गेलंच. ड्युटीवरून थेट जा.

आखातात असाल तर शुक्रवार विचारात घ्या. कुवेतसारख्या देशात साप्ताहिक सुटी शुक्रवारी, म्हणून मोठी गर्दी त्या दिवशीच्या मिस्सेला असते. अमिरातीत जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुटी झाली. जुन्या ओळखीवर वेळ धरून जाऊ नका, जाण्याआधी वेळापत्रक पाहा. प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र मागू शकतात, बॅग शक्यतो नेऊ नका.

खरोखर जमणारच नसेल (रुग्णाला सोडून येता येत नाही, दुसरं कुणी नाही) तर ते पाप धरत नाहीत. पण "जमलं नाही" आणि "जुळवलं नाही" यातला फरक आपला आपल्याला कळतो.

पाचवा_बाक
आम्ही सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) वाले, आमच्याकडे रविवारच्या कर्तव्याचं असं कलम नाही. इब्री 10:25 आहे, एकत्र मिळणं सोडू नका. तेव्हा हजेरी टिकते ती माणसांनी माणसांना शोधल्यावर.

नोंदवही बऱ्याच मंडळ्यांत असते, पण ती सोमवारी कुणी उघडत नाही. त्यापेक्षा बाक पाहा. माणसं सवयीने एकाच जागी बसतात. दुसरं गीत चालू असताना मंडळीच्या वडिलांपैकी (निवडलेल्या ज्येष्ठ सेवकांपैकी) एकाने मागून नजर फिरवली की रिकाम्या जागा कळतात. क्रम असा ठेवावा: दोन रविवार दिसले नाहीत तर शेजारच्याने विचारायचं, तिसऱ्याला वडिलांचा फोन, चौथ्यानंतर पाळकसाहेबांची भेट. भेट महिन्याच्या आत व्हायला हवी. सहा महिने उलटल्यावर गेलं की घरच्यांना वाटतं वर्गणी मागायला आले.

फोनवर पहिलं वाक्य "का आला नाहीत?" असलं की संपलं. समोरचा कारण तयार करतो, ते खरंही नसतं. "आईंचे गुडघे कसे आहेत?" असं काहीतरी नेमकं विचारा. त्यासाठी गुडघे दुखतात हे ठाऊक असावं लागतं, म्हणजे आधी बोलणं हवं. रविवारी दुपारी फोन नको, हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मंगळवार-बुधवार बरा. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमुक कुटुंब हल्ली दिसत नाही" असं तर कधीही लिहू नये. ते कुटुंब दुसरी मंडळी शोधतं, नाहीतर कुठलीच नाही.

गळतीचं एक मोठं कारण कुणी उघड बोलत नाही: थकलेली वर्गणी. लोकांना वाटतं बाकी असताना तोंड कसं दाखवायचं. वर्गणी थकली म्हणून उपासनेला कुणी अडवत नाही. अडू शकतं ते मंडळीच्या निवडणुकीत मतदार यादीतल्या नावावर. कमिटीच्या माणसाने हे वेदीवरून नव्हे, घरी जाऊन सांगावं.

खेड्यात प्रश्न निराळा. एका पाळकाकडे चार-पाच गावं, तेव्हा उपासना आठवड्यातल्या रात्री होते. तिथे वार पक्का ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. पाळक आले नाहीत तरी ठरल्या वारी दिवा लावून वाचन-प्रार्थना व्हायलाच हवी, नाहीतर लोक "आज आहे का?" विचारू लागतात, आणि एकदा विचारू लागले की मोडलंच.

भाकर_आणि_पेले
प्रभुभोजनाची तयारी करणाऱ्यांच्या बाजूने. बऱ्याच मंडळ्यांत ते पहिल्या रविवारी असतं. नियमित येणाऱ्यांवर आमचा सगळा अंदाज. एका ट्रेमध्ये 40 पेले. 120 माणसांना 3 ट्रे, वर अर्धा जास्तीचा. पेला भरून 10 मिलीच्या आसपास, पण भरायचा दोन-तृतीयांश, नाहीतर हात कापणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या कपड्यांवर सांडतो. म्हणजे 1 लिटर रसात दीडशे पेले आरामात. बारीक तोटीच्या बाटलीने भरावा, जगने भरला की ट्रे चिकट होतो. आदल्या रात्री भरून ठेवू नका, चिलटं पडतात. पावाच्या कडा काढून सकाळीच बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. अगदी ताजा पाव चुरतो, आदल्या दिवशीचा चांगला.

ईस्टरला मात्र अंदाज साफ कोसळतो. तिसऱ्या रांगेपाशी ट्रे संपतो, आत धावपळ, आणि तेच कडवं पुन्हा पुन्हा. वर्षभर न येणाऱ्यांना याची कल्पना नसते, आणि राग तरी कसा धरायचा, आले तेच बरं वाटतं.

पेटी_तबला
गाता येत नसलं की माणूस परका होतो, हे कारण कुणी मोजत नाही. ना. वा. टिळकांसारख्यांनी भजनी चालीची गीतं लिहिली ती सगळ्यांनी म्हणावीत म्हणून. गायनमंडळातल्या मुली काळी चारला धरतात, चाल तार सप्तकात चढली की पुरुषांची बाजू गप्प. दोघांना जमेल अशी खालची पट्टी घ्या आणि ध्रुवपद पहिल्यांदा पेटीवर पूर्ण वाजवा. नवीन गीत महिन्याला एक पुरे, आणि तेही लागोपाठ 3 रविवार.

लेकुरवाळी_रांग
मुलं असली की मागे बसायचं हा समज उलटा आहे. मागून त्यांना फक्त पाठी दिसतात, मग चुळबुळ. पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेला बसवा, म्हणजे वेदीही दिसते आणि उठूनही जाता येतं. शू आधीच. आवाज करणारी खाऊची पुडी नको.

शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) उपासनेच्या वेळेतच भरवू नये असं माझं स्पष्ट मत. आधी भरवा. दहा-बारा वर्षं बाजूच्या हॉलमध्ये रंगकाम केलेल्या मुलाला मुख्य उपासना कधी ओळखीचीच होत नाही, आणि दहावीनंतर तो दोन्हीकडून सुटतो.

रविवार_सकाळ
मोबाइलवर मिस्सा पाहिली तर चालते का, असं दोघांनी विचारलंय.

घंटेचा_दोर
आजारी माणसाला मुळात सूटच आहे, त्याच्यासाठी ती मोठी सोबत. धडधाकट माणसाचं कर्तव्य त्याने पूर्ण होत नाही. कोविडमध्ये चर्चच बंद होती म्हणून बिशपांनी सूट दिली होती.

हा प्रश्न तसा जुना आहे. साधारण सन 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर याने रविवारच्या सभेचं वर्णन केलंय: वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी डीकन (चर्चचे सेवक) वाटा घेऊन जात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांना मदत. न आलेल्याकडे कुणीतरी चालत जायचं.

ते आजही होतं. ऑफिसात नाव द्या, फादर किंवा नेमलेले सेवक ख्रिस्तप्रसाद घरी आणतात, पुष्कळ ठिकाणी पहिल्या शुक्रवारी. घरी छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. गिळायला त्रास असेल तर आधी सांगा, लहानसा तुकडा देतात. टीव्ही बंद ठेवा. कुमसार (पापांची कबुली) करायचा असेल तर घरच्यांनी थोडा वेळ बाहेर थांबावं.

नोंदवही_कपाट
नोकरीसाठी गाव बदललेल्यांना दोन गोष्टी. प्रोटेस्टंट असाल तर निघताना सभासदत्वाचं पत्र घ्या आणि नव्या मंडळीत पहिल्या महिन्यातच द्या, वर्षभराने ते कपाटातच सापडतं. कॅथलिक असाल तर बाप्तिस्म्याची मूळ नोंद जिथे झाली त्याच पॅरिशमध्ये (धर्मग्रामात) कायम राहते. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न यांच्या नोंदीही तिकडेच कळवून तिथे चढवतात. म्हणून लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा जुना दाखला चालत नाही, 6 महिन्यांच्या आतला ताजा काढावा लागतो. शिवाय तुम्ही अविवाहित असल्याचं राहत्या पॅरिशच्या फादरनी सांगायचं असतं. जे तुम्हाला ओळखतच नाहीत ते सांगणार कसं? मग साक्षीदार, प्रतिज्ञापत्र, गावच्या फादरना पत्र, आणि हॉलची तारीख तर आधीच घेतलेली. नव्या जागी सामान लागलं की पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर ऑफिसात कुटुंबाचा फॉर्म भरा. बहुतेक ठिकाणी मिस्सेनंतर ऑफिस थोडा वेळ उघडं असतं.