नवा लॅपटॉप, दर वेळी वेगळ्या कोडचा निळा पडदा

मीनल_क
विंडोज ११ चा नवीन लॅपटॉप आहे. ८ जीबी डीडीआर४ रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, आणि रिकाम्या स्लॉटमध्ये दुकानदाराने आणखी ८ जीबीची पट्टी घालून दिली. दिवसातून दोन-तीनदा निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर येणारी चुकीची स्क्रीन) येतो. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. मधेच नुसतीच स्क्रीन गोठते, मग पॉवर बटण दाबून धरावं लागतं. क्रोमचे बरेच टॅब आणि मोठी एक्सेल फाइल उघडी असली की जास्त होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून देतो. मारू द्यावं का?

प्रसाद_हार्डवेअर
आत्ता फॉरमॅट नको. रॅम खराब असेल तर नवीन विंडोजच्या फाइलीही तिच्यातूनच जाताना बिघडतील. आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि जुना बॅकअप असेल तर त्यावर ओव्हरराइट करू नका.

४१ हे कारण नव्हे. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ते सांगतं. त्याच नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याच्या चुकीचा क्रमांक, पाहा. तो दशमान आकड्यात असतो: २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १५९ आला तर एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना अडकतोय, २९२ म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली. स्क्रीन गोठून बटणाने बंद केलं असेल तिथे बहुधा ० दिसेल.

कोड दर वेळी बदलतोय, हीच मोठी खूण आहे. ड्रायव्हर बिघडलेला असला तर सहसा तोच कोड, तीच फाइल परत परत येते. रॅमचा एखादा भाग खराब असला तर त्या जागी जो प्रोग्रॅम सापडेल तो कोसळतो आणि आळ त्याच्यावर येतो. टॅब वाढले की रॅम वरपर्यंत भरते, म्हणून तेव्हाच जास्त होतं.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि मोफत आवृत्तीच्या चारही फेऱ्या होऊ द्या. काही तास लागतील, चार्जर लावून ठेवा. एक जरी चूक दिसली तरी रॅम नापास.

सुहास_दुरुस्ती
प्रसादशी सहमत, पण पट्टी काढायला स्वतः मागचं झाकण उघडू नका. आधी वॉरंटीची अट वाचा, स्क्रूवर सील आहे का पाहा. दुकानदाराकडूनच पट्टी काढून घ्या आणि नुसत्या ८ जीबीवर चाचणी पुन्हा लावा.

चुका थांबल्या तर पट्टी किंवा तिची बसवणूक. पट्टी तिरकी घालून खाली दाबल्यावर दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' वाजल्या पाहिजेत. अर्धवट बसलेली पट्टी नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा सापडते.

पट्टी काढूनही चुका आल्या तर सोल्डर केलेली रॅम गेली, म्हणजे अख्खा मदरबोर्ड बदलायचा. त्या वेळी दुरुस्तीला होकार देऊ नका. बदलून देण्याची मुदत संपायच्या आत लॅपटॉपच बदलून मागा, चाचणीच्या स्क्रीनचा फोटो जोडून लेखी मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मीनल_क
बिलावर फक्त लॅपटॉप आहे, पट्टीचा उल्लेखच नाही. आणि समजा चाचणीत काहीच सापडलं नाही तर?

प्रसाद_हार्डवेअर
पट्टीचं वेगळं बिल आजच मागून घ्या, सीरियल नंबरसकट. त्याशिवाय बदलून मिळणं अवघड जाईल.

रॅम पास झाली तर विंडोज फोल्डरमधल्या 'मिनिडंप'मध्ये काय आहे पाहा; कोसळतानाची नोंद, म्हणजे डंप, तिथे साठते. रिकामं असेल तर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त 'स्मॉल मेमरी डंप' निवडा आणि पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) सिस्टीमच्या हवाली ठेवा, नाहीतर डंप लिहिलाच जात नाही. डंप विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममध्ये उघडून कोणत्या ड्रायव्हरचं नाव येतं ते इथे टाका. बायॉस (मदरबोर्डावरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट करायचं झालं तर आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, सस्पेंड करा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसली तर सगळा डेटा कुलपात अडकतो.