थायलंडला खरं सिल्क कुठे घ्यावं, आणि तो व्हॅट खरंच परत मिळतो का?

भटकी78:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात मी नि सासूबाई, दोघीच, आठ दिवस थायलंडला निघालोय, पाच दिवस बँकॉक आणि तीन चियांग माय. सासूबाईंनी जन्मभर शिवणकाम केलंय त्यामुळे कापड हातात घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, त्यांना खरं थाई सिल्क हवंय, मला घरच्यांसाठी कपडे आणि थोड्या भेटवस्तू. सिल्क खरं कसं ओळखायचं, भाव किती पाडायचा, आणि पर्यटकांना व्हॅट परत देतात म्हणे ते खरंच मिळतं की नुसता डोक्याला ताप? त्यांचे गुडघे दुखतात, फार पायपीट झेपणार नाही.

कापडवेडी:
ताई, सिल्कची खरेदी चियांग मायसाठी राखून ठेवा. तिथून जवळच सान काम्फेंग गाव आहे, माग चालू असतात, कोश उकळून धागा काढतात तेही बघायला मिळतं, आणि वाटेतच बो सांगच्या कागदी छत्र्या. तुमच्या सासूबाई तिथून लवकर हलायच्या नाहीत.
ओळखायचं म्हणजे आधी मोराचा शिक्का बघा. तिथल्या सरकारचं प्रमाणचिन्ह आहे, चार रंगांत येतं. सोनेरी मोर म्हणजे देशी जातीच्या किड्यांचा धागा, हाताने काढलेला नि हातमागावरचा, सगळ्यात वरचा. हिरवा मोर म्हणजे रेशमात दुसरा धागा मिसळलाय, तो वाईट नाही पण त्याला शुद्ध रेशमाचा भाव द्यायचा नाही. मग कापड उजेडात तिरकं धरा, ताणा (उभे धागे) एका रंगाचा नि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असेल तर धूपछाव दिसते, मी घेतलेलं समोरून जांभळं आणि जरा कलतं केलं की तांबूस. हातमागाच्या कापडात मधेमधे धाग्याच्या बारीक गाठी बोटाला लागतात, अगदी काचेसारखं गुळगुळीत असेल तर मला शंका येते. काठाचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि जाळून बघा, रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं नि राख चुरगळते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका दुकानात शंभर टक्के सिल्क म्हणून स्टोल दिला, घरी येऊन धागा जाळला तर मणी! फार वाईट वाटलं होतं.

पायी_प्रवासी:
बँकॉकचं सांगतो. चतुचक हा शनिवार-रविवारचा बाजार, 15 हजारांच्या वर गाळे, 27 विभाग. मेट्रोने काम्फेंग फेत स्टेशनला उतरा, थेट बाजारातच वर येता, गुडघ्यांसाठी ते बरं. सकाळी नऊ-दहालाच पोचा कारण दुपारी पत्र्याखाली जीव घुसमटतो. एखादी गोष्ट आवडली की लगेच घ्या, परत येऊ म्हणाल तर तो गाळा सापडणार नाही. चुकामूक झाली तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भेटायचं ठरवून ठेवा.
कपड्यांसाठी प्रतुनामचा प्लॅटिनम मॉल, एसी आहे, सरकते जिने आहेत. एकाच दुकानात तीन-चार नग घेतले की होलसेलचा भाव लावतात, पण बरेच जण घालून बघू देत नाहीत, माप घेऊन जा.
घासाघीस बाजारात करायची, मोठ्या मॉलमधल्या ब्रँडच्या दुकानात नाही. हसून "लोत दाय माय?" विचारा, म्हणजे कमी होईल का, ते कॅल्क्युलेटर पुढे करतात, तुम्ही तुमचा आकडा टाका. आवाज चढवू नका, तिथे ते फार वाईट दिसतं. सकाळी पहिलं गिऱ्हाईक व्हा, तिकडेही भवानी मानतात, पहिल्या विक्रीची नोट हातात घेऊन सगळ्या मालाला लावताना मी बघितलंय, त्या वेळी भाव पटकन सुटतो. आणि 1000 बाथची नोट घेऊन छोट्या गाळ्यावर जाऊ नका, 20 नि 100 च्या नोटा ठेवा.

रंगीतधागा:
एक कळकळीने सांगते. बँकॉकच्या राजवाड्याच्या, म्हणजे ग्रँड पॅलेसच्या बाहेर कोणी गोड बोलून "आज बंद आहे" म्हणालं तर ऐकू नका, गेटपर्यंत स्वतः जा. आम्हाला असंच सांगून एका टुकटुकवाल्याने अगदी थोड्या पैशात फिरवतो म्हणून रत्नांच्या दुकानात नेलं, तिथे चहा वगैरे देऊन दोन तास बसवलं, माझ्या नवऱ्याने नीलमणी घेतला तो काडीमोल निघाला. दुकान तुम्ही ठरवायचं, ड्रायव्हरने नाही.

हिशेबी_माणूस:
व्हॅट मिळतो, पण तयारी लागते. दर 7 टक्के, छापील किमतीत आधीच धरलेला असतो, म्हणजे 2140 बाथच्या कापडात 140 बाथ कर, त्यातूनही थोडी फी कापतात. "व्हॅट रिफंड फॉर टुरिस्ट्स" पाटी असलेलंच दुकान, एका दिवशी एका दुकानात किमान 2000 बाथची खरेदी, पासपोर्ट जवळ हवा आणि फॉर्म त्याच दिवशी तिथेच भरून घ्यायचा. चतुचकच्या गाळ्यांवर हे बहुतेक होत नाही. मोठी खरेदी असेल तर बॅग चेक-इनला द्यायच्या आधी विमानतळावर कस्टम्सला सामान दाखवून शिक्का घ्या, पैसे मात्र इमिग्रेशननंतरच्या काउंटरवर. या क्रमात गल्लत झाली की सगळं गेलं, मी दोन तास जास्त धरून निघतो. कार्ड वापरताना मशीन रुपये की बाथ विचारेल, बाथच निवडा.

भटकी78:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आत्तापासून धागा जाळायला काडेपेटी शोधतायत. बुद्धाची छोटी मूर्ती आणली तर चालेल का?

कापडवेडी:
मूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो, दुकानदार काहीही म्हणो, त्यापेक्षा बो सांगची छत्री आणा. काडेपेटी इथून नेऊ नका, सामानात घालायला परवानगी नाही, तिकडेच घ्या. आणि चियांग मायमध्ये रविवार येईल असं बघा, था फे दरवाज्यापासून संध्याकाळी रस्ताभर बाजार लागतो, मधेमधे पाय चेपून देणारे खुर्च्या मांडून बसलेले असतात, काकूंना तिथे बसवून तुम्ही निवांत फिरा.