शंका एक, इंग्रजी क्रियापदं दोन : डाउट आणि सस्पेक्ट

प्रश्न : ‘त्यानंच पैसे घेतले अशी मला शंका आहे’ याचं इंग्रजी ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’ असं चालेल का?

— नाही, अर्थ नेमका उलटा होतो. त्या वाक्याचा अर्थ ‘त्यानं पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही’. इथे ‘आय सस्पेक्ट’ हवं. घोळ आपल्या ‘शंके’चा आहे. ‘तो चोर असावा अशी शंका’ आणि ‘तो येईल का, शंकाच आहे’, दोन्हीकडे ती चालते. कल कुठे आहे ते ‘असावा’ आणि ‘का’ सांगतात. इंग्रजीत तो कल क्रियापदातच असतो. म्हणून आधी ‘शंका’ गाळून वाक्य म्हणून पाहा. ‘असावा’ उरलं तर सस्पेक्ट, ‘वाटत नाही’ उरलं तर डाउट.

— कर्म माणूस असेल तर ही कसोटी अपुरी पडते. ‘द पोलीस सस्पेक्ट हिम’ म्हणजे तो संशयित. ‘द पोलीस डाउट हिम’ म्हणजे त्याच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. तो नुसता साक्षीदारही असेल. ‘नवरा माझ्यावर संशय घेतो’ याचं ‘ही इज डाउटिंग मी’ करतात, ते म्हणूनच चुकतं. ‘ही सस्पेक्ट्स मी’ म्हणा. शिवाय या दोघांनाही सहसा आयएनजी लागत नाही.

— डाउटपुढे ‘इफ’ किंवा ‘वेदर’ आलं तर खात्री नाही एवढंच. ‘दॅट’ आलं की बहुतेक नाहीच. नकारार्थी ‘आय डोंट डाउट’पुढे मात्र ‘दॅट’च.

— आणि क्लासमधलं ‘सर, आय हॅव अ डाउट’? ते शंकानिरसनातल्या शंकेचं शब्दशः रूप. भारतात चालून जातं, पण बाहेरच्या माणसाला वाटेल की त्याचं म्हणणंच तुम्हाला पटलेलं नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावं. (लघुशंकेवर हा प्रयोग कुणी केला नाही हे बरं.)

— वरची विभागणी आजच्या प्रमाण इंग्रजीपुरतीच धरा. स्कॉटलंडच्या बोलीत ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे ‘पाऊस येणार बहुतेक’! पूर्वी इंग्रजीतही डाउटला धास्तीचा अर्थ होता, आणि संस्कृत ‘शङ्का’ शब्दातही भीती आहेच. मूळ लॅटिन ‘दुबितारे’, ‘दोन’च्या नात्यातलं, मन द्विधा होणं. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. लॅटिनप्रेमी पंडितांनी तो नंतर स्पेलिंगात घुसवला, उच्चारात काही शिरला नाही. सस्पेक्टच्या मुळाशी खालून वर बघणं आहे. त्यातला बघण्याचा धातू संस्कृत ‘स्पश’, म्हणजे हेर, या शब्दाचा सगोत्र.

— एक राहिलं. ‘नो डाउट’ म्हणजे दर वेळी ‘निःसंशय’ नव्हे, पुष्कळदा नुसतं ‘बहुधा’. पक्कं सांगायचं तर ‘विदाउट डाउट’. कोर्टातल्या ‘रीझनेबल डाउट’ला मात्र ‘वाजवी संशय’च लिहा, तिथे ‘शंका’ नको.