एनएफ-२ : ऐकू येणाऱ्या कानाच्या गाठीला हात लावावा का?

रेवती_मावशी
माझी भाची १७ वर्षांची, बारावीला आहे. डाव्या कानाला फोन लावला की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असं म्हणायला लागली म्हणून एमआरआय केला. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी निघाल्या, डावीकडे २६ मिमी आणि उजवीकडे ८. निदान एनएफ-२, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २, नसांवर गाठी येण्याचा जनुकीय आजार. घरात कुणालाच नाही, तरी नातेवाइकांनी माझ्या बहिणीच्या माहेराला बोल लावून झाला. निम्म्या रुग्णांत हा दोष आईवडिलांकडून येतच नाही, २२व्या गुणसूत्रावरचं जनुक त्या मुलातच नव्याने बिघडतं. हे त्यांना समजावता समजावता दमले.

डावी गाठ मेंदूच्या देठाला टेकलीय, ती काढावीच लागणार. वाद उजवीचा आहे. सर्जन म्हणतात, लहान आहे तोवर तीही काढू, ऐकणं वाचू शकेल. मला हे अजिबात पटत नाही. गाठ कॅन्सरची नाही, त्या कानाने तिला सगळं स्वच्छ ऐकू येतं. तो कान पणाला का लावायचा?

ईएनटी_नाशिक
ताई, मी तुमच्या सर्जनच्या बाजूने आहे. थांबणं हाही धोकाच असतो. कमी वयात दिसलेला एनएफ-२ बहुधा जोरात वाढतो. आज ८ मिमी आहे म्हणून ऐकणं वाचवणारं ऑपरेशन शक्य आहे. २० झाल्यावर तो विषयच संपतो. शिवाय गाठ न वाढताही ऐकणं घसरू शकतं. नस शाबूत राहिली तर पुढे कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे आतल्या कानात बसवून नसेला थेट विजेचे संदेश देणाऱ्या यंत्राचा, मार्ग उरतो.

रेवती_मावशी
नस तर न कापताही शाबूतच आहे ना! गाठ जागेवर ठेवूनही काही जणांना कॉक्लिअर बसवतात. आणि एनएफ-२ मधली गाठ द्राक्षाच्या घडासारखी, अनेक गाठी एकत्र आलेली असते असं वाचलं. नसेच्या तंतूंतून ती सोडवणं एरवीच्या एकट्या गाठीपेक्षा अवघड, मग "वाचू शकेल" यातल्या "शकेल"वर भिस्त कशी ठेवू?

अभि_कोल्हापूर
मला हाच आजार आहे. आता ३१ वर्षांचा आहे. १९व्या वर्षी चांगल्या कानाचं ऑपरेशन "ऐकणं वाचवायला" म्हणून केलं. शुद्धीवर आलो तेव्हा आई बोलत होती, फक्त ओठ हलताना दिसले. चेहऱ्याची नसही दुखावली, त्या बाजूचा डोळा अजून पूर्ण मिटत नाही, रात्री मलम घालून पट्टी लावतो. थांबण्याचाही पर्याय असतो हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर कानाची नस वगळून थेट मेंदूच्या देठावर ऐकण्याचं इम्प्लांट बसवलं. हाउस आणि हिट्सेलबर्गर यांनी १९७९ साली लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा केलं ते. दाराची बेल कळते, ओठ वाचताना बोलण्याची लय पकडता येते. फोनवर मात्र माणूस कळत नाही. गाठ वाढलीही असती, पण ऐकण्याची आणखी चार वर्षं मिळाली असती तरी मला हवी होती.

सुहास_ठाणे
गॅमा नाइफ, म्हणजे नेमके गाठीवर किरण देणं, का नको? चिरफाड नाही, घरी लगेच.

ईएनटी_नाशिक
या मुलांच्या पेशींत गाठ रोखणारं जनुक मुळातच अधू असतं. कोवळ्या वयात किरण दिले तर साधी गाठ कॅन्सरमध्ये बदलण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे. ऐकणंही हळूहळू जाऊ शकतं, आणि नंतर ऑपरेशन करावं लागलं तर ते जास्त कठीण होतं. १७व्या वर्षी मी देणार नाही. मी सुचवलं असतं तर बेव्हॅसिझुमॅब, गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध. २००९ च्या पहिल्या अहवालात १० पैकी ९ जणांच्या गाठी आकसल्या, ऐकणं तपासता आलं त्या ७ पैकी ४ जणांचं सुधारलं. इंग्लंडमध्ये ठरावीक केंद्रांतून हे औषध सरकारी खर्चाने देतात.

मीनल_आई
पण किती वर्षं? दोन-तीन आठवड्यांनी सलाइन लावायचं, थांबवलं की गाठ बऱ्याचदा पुन्हा वाढते. रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात. मुलीच्या बीजकोशांवर परिणाम होऊ शकतो हे तिला आधी सांगणार की नाही? भारतीय कंपन्यांची औषधं मूळच्यापेक्षा स्वस्त आहेत, तरी वर्षानुवर्षं कोण पुरवणार?

ईएनटी_नाशिक
सगळं सांगायलाच हवं, तिच्यासमोर. त्यात जखम भरायलाही हे औषध आड येतं, म्हणजे डाव्या ऑपरेशनच्या आसपास देता येणार नाही.

अभि_कोल्हापूर
रेवतीताई, एक करा. ऐकू येतंय तोवरच तिला खुणांची भाषा शिकवायला सुरुवात करा. वांद्र्याला कर्णबधिरांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. मी बहिरा झाल्यावर पाच वर्षांनी शिकलो, तोवर मित्र वहीत लिहून लिहून कंटाळले होते.

रेवती_मावशी
बहीण म्हणते, "ती बहिरी नाही, खुणा कशाला?" तुमचं लिहिलेलं तिला आज रात्री वाचून दाखवणार आहे. उजव्या कानाला आत्ता हात लावायचा नाही यावर मी ठाम आहे.

ईएनटी_नाशिक
मी अजूनही सहमत नाही. थांबणारच असाल तर तीन महिन्यांनी ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) आणि सहा महिन्यांनी एमआरआय चुकवू नका, बोर्डाची परीक्षा असली तरी. २ मिमी वाढ दिसली तरी लगेच दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.