अनुभव सांगा : नाशिकहून अर्ध्या दिवसाची कनू सफर, जंगलातल्या शांत पाण्यावर

गोदाकाठची
मंडळी, या जानेवारीत घरच्यांना घेऊन एक सकाळ पाण्यावर काढायचा बेत आहे. मोटारबोट नको, आपली आपण वल्हवायची. पुण्याचा एक मित्र त्याच्या दोन कनू (वरून उघड्या, लांबट, हाताने वल्हवायच्या होड्या) गाडीच्या टपावर बांधून आणणार आहे, प्रत्येकी दोन माणसांच्या. आम्ही चौघं: मी, नवरा, दहावीतला भाचा आणि बाबा. बाबा सत्तरी ओलांडलेले. पोहणं गोदावरीच्या पुरात शिकलेले असल्यामुळे पाण्याची भीती शून्य, पण उजवा गुडघा कुरकुरतो. डोक्यात तीन जागा आहेत: गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, वैतरणा आणि भंडारदरा. झाडी हवी, शांतता हवी, जेवणाच्या वेळेपर्यंत पाण्याबाहेर यायचं. पुस्तकी यादी नको. तुम्ही गेलात तेव्हा काय झालं, काय उपयोगी पडलं, ते लिहा.

मखमलाबादचा मळेवाला
गंगापूर जवळ, एवढंच त्याचं कौतुक. तिकडे पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, मोटारबोटी फिरतात. त्यांच्या लाटा आल्या की कनूचं नाक लाटेकडे वळवून थांबायचं, आडवं राहायचं नाही. आम्ही पलीकडच्या, काश्यपीच्या बाजूच्या फाट्यात शिरलो तेव्हा कुठे आवाज मागे पडला. पण तुम्हाला जंगल पाहिजे ना? इथे काठाला द्राक्षबागा आणि फार्महाऊस. भंडारदऱ्याला जा.

निवृत्त पाटकरी
ताई, आयुष्य पाटबंधाऱ्यात गेलं म्हणून हक्काने लिहितो. लोक हवामान बघतात, पाणीसाठा बघत नाहीत. भंडारदऱ्याचा साठा ११,०३९ दलघफू (दशलक्ष घनफूट). ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरतं, तेव्हा पाणी झाडांच्या बुंध्यापर्यंत असतं. पुढे आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडायचं पाणी, सुटायला लागली की पातळी उतरते आणि काठाला चिखलाचा उतार उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. म्हणजे ऑक्टोबरात जिथे होडी सहज लागते तिथेच फेब्रुवारीत उतरता येत नाही. पेपरात रोज धरणांचा साठा छापून येतो, आवर्तनाच्या तारखाही येतात. निघायच्या आदल्या दिवशी एवढं वाचायला काय लागतं?

दुसरं. भिंत, सांडवा आणि विमोचक (पाणी सोडायची दारं) यांच्या आसपास फिरकायचंच नाही. १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण आहे, बघायला देखणं. ते गाडीतून उतरून बघा. आवर्तन चालू असताना पाणी वरून संथ दिसतं, खाली ओढ असते. पावसाळ्यात दारं उघडतात तेव्हाची तर गोष्टच सोडा.

तिसरं, स्वतःची होडी घालायची तर जलसंपदाच्या तिथल्या कार्यालयात आधी विचारा. भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथल्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती जपून ठेवा. काठावर चूल पेटवायची नाही. ‘सगळेच पेटवतात’ हे उत्तर वनरक्षकासमोर चालत नाही, आणि चालूही नये.

टोरांटोतला पंचवटीकर
मी कॅनडात आल्यावर कनू शिकलो, अल्गाँक्विन पार्कमध्ये. तिकडे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू चक्क डोक्यावर उलटी घेऊन पायवाटेने चालायचं असतं. त्या वाटा दाखवायला झाडांवर पिवळ्या पाट्या असतात. आपल्याकडे ती वेळ येणार नाही, पण तिथे शिकलेलं दोन ओळींत सांगतो. (दोन ओळींत मावलं नाही तर माफी.)

जड माणूस मागे. पुढचा जड असला तर नाक खाली जातं आणि होडी मनाला येईल तिकडे वळते. दिशा मागचा सांभाळतो, लय पुढचा देतो. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं. तरीही होडी मागच्याच्या वल्ह्यापासून लांब वळत राहते. ती सरळ ठेवायला मागच्याने वल्हं मागे ओढत आणल्यावर शेवटी पात्याची कड बाहेर वळवून हलकेच ढकलायचं. पहिला अर्धा तास हे जमणार नाही आणि नवरा-बायकोत वाद होतील. त्यासाठी तो अर्धा तास काठाजवळच काढा. बाबांच्या होडीत भाचा द्या.

आणि हो, कनूत गुडघ्यावर बसलं तर तोल उत्तम राहतो, पण बाबांना ते सांगू नका. त्यांना पुढच्या बैठकीवर बसवा, पाठीला टेकण मिळालं तर बघा. कयाकमध्ये (वरून बंद, अरुंद होडीत) पाय लांब सोडून बसावं लागतं आणि बाहेर पडताना सगळा भार गुडघ्यावर येतो. तुमच्याकडे कनू आहे हे बाबांच्या दृष्टीने चांगलंच झालं.

टिबुकली
पक्षी बघणाऱ्यांच्या वतीने एक विनंती, कोणीतरी नांदूर मध्यमेश्वर सुचवायच्या आत. ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. तिथे हिवाळ्यात चक्रवाक, बदकं, रोहित वगैरे बघायचे ते चापडगावच्या मनोऱ्यावरून, दुर्बिणीतून. वल्हवायची ती जागा नाही.

भंडारदऱ्याला पाणी खोल आणि काठ उभे, त्यामुळे बदकांचे थवे तसे दिसणार नाहीत. पण पाणकावळे, खंड्या, बगळे, नशीब असेल तर नदी सुरय. वाळक्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसले की वल्हं थांबवा, होडी आपोआप सरकू द्या. थेट त्यांच्या दिशेने नाक केलं की उडतात, तिरकं गेलं की बसून राहतात. ते मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागले, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आलात.

बारीच्या अलीकडचा
राम राम. आमचं गाव घोटीकडून येताना लागतं. आमच्यातली माणसं त्या पाण्यात मासे धरतात, म्हणून माझं ऐका.

पहिली गोष्ट वारा. सकाळी पाणी असं असतं की कळसूबाईच्या रांगेचं उलटं चित्र पडतं. ते बघून माणूस लांब लांब जातो. ऊन तापलं की वारा सुटतो. उन्हाळ्याकडे तर दुपारचा वारा पश्चिमेचा, घाटघरच्या कड्याकडून पाण्याच्या लांबीवर सरळ येतो. जानेवारीत बरेचदा पूर्वेचा असतो, पण डोंगरातला वारा कागदावर लिहिल्यासारखा वागत नाही. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघताना मी काय करतो, झाडाचा शेंडा बघतो, नाहीतर चिमूटभर माती उडवून बघतो. वारा असेल तर त्याच्या तोंडावर निघायचं. दम असतो तोवर वाऱ्याविरुद्ध, दम गेल्यावर वारा घरी आणतो. उलटं केलं तर परतताना हात गळतात.

दुसरी गोष्ट जाळी. प्लॅस्टिकच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की खाली जाळं आहे. मधून जायचं नाही, टोकाकडून वळसा घालायचा. वल्हं अडकलं तर ओढाताण करू नका, हळू सोडवा. तुमचं वल्हं सुटेल, पण त्याचं जाळं फाटलं तर त्याचा आठवडा जातो.

तिसरी, काठ धरून चला. मधोमध काही ठेवलेलं नाही. सगळी गंमत काठालाच, करवंदीच्या जाळ्या पाण्यावर आलेल्या, एखादा ओढा उतरतो ती खाच. तिथे वाराही लागत नाही.

चांदवडची लेक
आमच्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळांनी २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून सुवर्ण आणलं. दुष्काळी गावातला माणूस पाण्यावर गेला म्हणून आमच्याकडच्या पोरांना वल्हवण्याचं वेड लागलं, त्यातली मी एक. फरक इतकाच की त्यांच्या खेळात पाठ पुढे करून बसतात, जिथे जायचं ते दिसतच नाही. कनूत तोंड पुढे. सहलीला कनूच बरी.

माझा मुद्दा पालथं होण्याबद्दल. कोणी त्यावर बोलत नाही, अपशकुन वाटतो. मी पहिल्यांदा शिकले तेव्हा शिकवणाऱ्याने कंबरभर पाण्यात आम्हाला मुद्दाम पालथं केलं. तुम्हीही तेच करा, निघण्याआधी, काठाशी. थंडीत कुडकुडाल, म्हणून एक जोडी कोरडे कपडे गाडीत आणि एक जोडी पिशवीत. पालथं झाल्यावर होडी सोडायची नाही हे अंगात भिनलं पाहिजे. होडी तरंगते. चांगला पोहणारा काठाकडे पोहत सुटतो आणि थंड पाण्यात मध्येच दमतो. ताई, तुमच्या बाबांना हेच जड जाईल, कारण त्यांना पोहता येतं.

लाइफ जॅकेट चौघांनाही, बाबांनाही, पूर्णवेळ, बकल लावून. आतल्या पट्टीवर तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा असतो, न्यूटनमध्ये: ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यांसाठी, १०० चं ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर सैल आहे. बैठकीखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे सामान.

पाथर्डी फाट्याची आई
सगळे तांत्रिक बोलून झाले असतील तर मी जमिनीवरचं बोलते. जीन्स नको, भिजली की सुकत नाही. साडी किंवा ओढणी नको. बूट जुने, पट्टा असलेले. चप्पल चिखलात राहते. टोपीला दोरी. जानेवारीत सूर्य सातनंतर वर येतो आणि पाण्यावर गारठा चांगलाच असतो, पण दहाला ऊन पाण्यावरून परतून हनुवटीखाली भाजतं, तिथे क्रीम लावायला सगळे विसरतात.

खाणं हाताला चिकटणारं नको. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि चिक्की नेली. मिसळ परतताना. पाणी माणशी दोन लिटर, धरणाचं पिऊ नका. मोबाईल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, आणि रेंज नसणार हे धरून चाला.

बायकांसाठी: शेंडी सोडायच्या आधी एखाद्या हॉटेलात चहा घ्या आणि तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्या. पुढे काठावर आडोसा शोधायचा म्हणजे चिखल, काटे आणि वर गुराख्याची ‘काय हरवलं का हो?’ अशी आपुलकी. पाणी कमी पिऊन दिवस काढू नका, डोकं धरतं.

गोदाकाठची
वा! एवढं येईल असं वाटलं नव्हतं. भंडारदरा नक्की. आता वाद असा: नवरा म्हणतो पाण्याच्या पार वरच्या टोकाला, रतनवाडीपर्यंत वल्हवत जाऊ, तिथल्या अमृतेश्वराच्या देवळात दर्शन घेऊ आणि परत. मला जास्त वाटतंय. काय म्हणता?

सिडकोचा सायकलवाला
होतं की! आम्ही मित्रांनी केलंय. ठरवलं तर सगळं होतं.

टोरांटोतला पंचवटीकर
सायकलवाले, तुम्ही मित्र, ते कुटुंब. नवशिक्यांची जोडी संथ पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर जाते, तेही न थांबता. बाबा आहेत, पक्षी आहेत, फोटो आहेत, म्हणजे दोन धरा. चार तासांत रतनवाडी जाऊन-येऊन हा बेत मुकाट वल्हवणाऱ्यांचा आहे. ठिकाण ठरवूच नका, घड्याळ ठरवा. सव्वासातला पाण्यात, सव्वानऊला जिथे असाल तिथून मागे. ती वेळ भाच्याच्या हातात द्या. दहावीतलं पोरगं नियम पाळायला लावण्यात कोणाचं ऐकत नाही.

बारीच्या अलीकडचा
बरोबर. आणि सव्वानऊच्या आत पाण्यावर बारीक लाटांची चुरचुर दिसायला लागली तर तेव्हाच वळा. वळणं जमत नसेल इतका वारा आला तर जवळच्या काठाला लावून बसा. वारा पडेपर्यंत बसायची लाज नाही. आमची माणसं बसतात.

निवृत्त पाटकरी
रतनवाडीचा हट्ट असेल तर गाडीने करा. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे असा रस्ता पाण्याच्या कडेनेच जातो. मंदिर निवांत बघा, त्यावरचं कोरीव काम घाईचं नाही. सकाळी पाणी, दुपारी देऊळ. तुमच्या यजमानांना सांगा, वडीलधारे असं म्हणाले.

गोदाकाठची
सांगितलं. तोंड थोडं उतरलं, पण पटलं. तर असं: पावणेपाचला नाशिक सोडायचं, सत्तर किलोमीटर, घोटीला चहा. शेंडीत एखाद्या नावाड्याला सांगून ठेवायचं की आम्ही चौघं, दोन होड्या, एक लाल एक हिरवी, साडेअकरापर्यंत नाही आलो तर बघायला ये. त्याचे पैसे आधीच द्यायचे. बाबा पुढे, भाचा मागे. पालथं व्हायचा सराव बाबांना सांगितला तर म्हणाले, ‘मला काय शिकवता, मी रामकुंडात उड्या मारल्यात.’ त्यावर भाचा म्हणाला, आजोबा, तुम्ही मला शिकवा होडी धरून कसं राहायचं ते. लगेच तयार झाले.

एक राहिलं. कनू टपावर बांधून घोटीच्या पुढे त्या वळणांतून नेताना पुढचं टोक हलतं असं मित्र म्हणतो. कोणी नेली आहे का?

मखमलाबादचा मळेवाला
दोन आडव्या पट्ट्यांवर भागत नाही. नाकापासून बॉनेटच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या, उलट्या व्ही आकारात, आणि मागेही तशाच. पट्टा वाऱ्याने गुणगुणायला लागला तर त्याला एक पीळ द्या, आवाज थांबतो. पहिल्या दहा किलोमीटरनंतर उतरून हाताने हलवून बघा, गाठी बसतात आणि सैल होतात. दोरी आमच्याकडे आहे, द्राक्षाच्या मांडवाची, मजबूत. लागली तर मखमलाबादला या, घेऊन जा.