मदत हवी आहे : किर्शनरच्या तुटलेल्या हाताबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्या रविवारच्या चित्रगटात पुढच्या खेपेला मला जर्मन चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनरच्या 1915 सालच्या ‘सैनिकाच्या वेशातलं आत्मचित्र’ यावर बोलायचंय आणि मी एकाच जागी अडकलेय.

चित्रात तो तोफखान्याच्या गणवेशात आहे, खांद्यावर 75 हा रेजिमेंटचा आकडा. ओठांत सिगारेट, पिवळट ओढलेला चेहरा, डोळ्यांत बुबुळंच नाहीत. मागे एक नग्न स्त्री, आणि पुढे उजवा हात मनगटापासून तुटलेला. माझ्या मुलाने प्रिंट बघून विचारलं, “आई, याचा हात लढाईत गेला?” नाही ना! पहिल्या महायुद्धात किर्शनर आघाडीवर गेलाच नव्हता. प्रशिक्षणातच मन ढासळलं आणि त्याला सोडून दिलं. हात शाबूत होता, त्याच हाताने हे रंगवलं.

हात जाणं म्हणजे चित्रकार म्हणून संपण्याची भीती, एवढं कळतं. पण मग हा चेहरा कोणाचा समजायचा? भावना त्याची, ओळख सैन्याची, असं म्हणावं का? का मी उगाच चरित्र घुसडतेय? (मला स्वतःला ते रिकामे डोळे हातापेक्षा जास्त छळतात.)

1937 साली नाझींनी हेच चित्र म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात हिणवायला टांगलं, तेही सांगायचंय.

जोडीला दाखवायला जर्मन चित्रकार ऑटो डिक्सचं 1926 सालचं, पत्रकार सिल्विया फॉन हार्डेनचं व्यक्तिचित्र चालेल, की ते अभिव्यक्तिवादाच्या (मनातली भावना रंग-आकारांतून ठळक मांडणारी किर्शनरची शैली) पुढचं म्हणून गोंधळ होईल? जाणकारांनी प्लीज सांगा.