रोहित पक्षी आकाशात काळपट, तर पाण्यावर पांढरेफटक का येतात?

प्रश्न
नमस्कार. भिगवणला उजनी जलाशयाच्या काठी सकाळच्या उन्हात रोहित पक्षी टिपताना एक कोडे पडले. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्र एफ/८ आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १०० होता. थवा आकाशात असताना पक्षी काळपट येतात. तोच थवा गडद पाण्यावरून जाऊ लागला की पिसांतले बारकावे पार उडून जातात. शिवाय शटर १/२५० सेकंदाच्या आसपास राहिल्याने पंखांची टोके पुसट होतात. ऊन तेच असताना असे का व्हावे?

प्रतिसाद १
कॅमेऱ्याचा मीटर पक्ष्यावर पडणारा प्रकाश मोजत नाही. चौकटीतून परावर्तित होऊन येणारा प्रकाश मोजतो आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. त्यामुळे उजळ आकाशाने चौकट व्यापली की तो एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्राचा उजळपणा ठरवणारी प्रकाशाची मात्रा, कमी करतो आणि गडद पाणी आले की वाढवतो. पक्षी बिचारा दोन्हीकडे भरडला जातो.

पंखांसाठी शटर १/२००० हवे, म्हणजे तीन स्टॉप प्रकाश घटला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). अ‍ॅपर्चर एफ/५.६ केल्याने एक आणि आयएसओ ४०० केल्याने दोन स्टॉप भरून निघतात. खोलीतील स्पष्टता (पुढे-मागे जेवढे अंतर सुस्पष्ट दिसते ते) कमी होईल आणि किंचित नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, वाढेल, पण उडत्या पक्ष्यासाठी हा सौदा परवडतो.

प्रतिसाद २
आकाशासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेल्या एक्स्पोजरमध्ये आपण केलेली वाढ-घट) +१ स्टॉप ठेवून पाहावे.

प्रतिसाद ३
थवा एकाच पार्श्वभूमीवर असेल तोवर ते ठीक. मात्र तो आकाशातून पाण्याकडे उतरू लागला की तेच +१ पिसे जाळून टाकते आणि तेवढ्यात कॉम्पेन्सेशनचे चक्र फिरवायला सवड मिळत नाही. त्यापेक्षा सर्व आकडे आपणच ठरवायचा मॅन्युअल मोड घ्यावा आणि आयएसओ आपोआप बदलणारा ऑटो आयएसओ आवर्जून बंद करावा, कारण तो सुरू राहिला तर निर्णय पुन्हा मीटरच्याच हाती जातो. त्याच उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या पक्ष्याचे छायाचित्र काढून पडद्यावर पांढरा भाग लुकलुकतो का (हा अतिउजळ भागाचा इशारा) ते पाहावे, आणि लुकलुकणे थांबेपर्यंत शटर एकतृतीयांश स्टॉपने वेगवान करत जावे. मग ऊन बदलेपर्यंत आकड्यांना हात लावू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. थवा सूर्याच्या दिशेला असेल तर हेच आकडे चालतील का?

प्रतिसाद ३
नाही. तेव्हा आपल्याकडची बाजू सावलीत असते. पिसे दिसायला हवी असतील तर एक्स्पोजर साधारण दोन स्टॉप वाढवून आकाश पांढरे पडू द्यावे, अन्यथा आकाश सांभाळून नुसती छायाकृती घ्यावी.